पोपटाचा कार्यक्रम

गुणाबाई आजही टीव्हीशीच बोलत होती.

"पोपटभाऊ," शाळेतल्या त्या लाकडी पेटीसमोर वाकून ती म्हणाली, "माह्या बुधरीले रानातले टेंभरं खायाले लय आवडते. तिची माय तिले चिमी म्हणे. तुमी तरी तिले बोलवून पाहा."

पोरं खिदळली. बुधरी आजीचं लुगडं धरून गप्प बसली होती. पावसाळ्यात तिची आई तापाने गेली आणि तेव्हापासून या सहा वर्षांच्या नातीने तोंड उघडलं नव्हतं. पुजारी झाला, एटापल्लीचा डॉक्टर झाला. पोर जन्मभर अशीच मुकी राहणार, या धास्तीने गुणाबाईला घास गोड लागत नव्हता.

मुखरू गुरुजींनी तिला पुन्हा समजावलं, की कार्यक्रम दूर कुठेतरी बनतो, आकाशातल्या उपग्रहावरून येतो. पोपटाला इथलं काही ऐकू येत नाही.

"नाई आयकत तं नाई आयको," गुणाबाई म्हणाली. "मी आपली सांगतो."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. सरकारने शाळेला हा काळापांढरा टीव्ही दिला तो लहान मुलांचे कार्यक्रम दाखवायला. अवकाळी पावसात वीज कडाडली आणि तो बंद पडला. मग सकाळच्या शाळेला पोरं फिरकेनात, मोहफुलं वेचायला रानात पळत. शेवटी एका रविवारी गुरुजी पेचकस घेऊन पेटीशी झटापट करत बसले, आणि सोमवारपासून पोपटाचा कार्यक्रम सुरू झाला. वर्ग परत भरला. गुरुजींच्या हाताला गुण आहे, असं गाव म्हणू लागलं.

अँटेना मात्र फार छळायची. पेटी ठेवली होती सामानाच्या खोलीच्या दारात. खिडक्या लावून अंधार करायचा, पेटीची दारं उघडायची, आणि कार्यक्रम संपेपर्यंत गुरुजींनी मागे जाऊन अँटेना धरायची. गुरुजींना पोपट कधीच बघायला मिळत नाही, म्हणून पोरांना त्यांची कीव येई.

आजही गुरुजी मागे गेले. पोपट आला. त्याने मान वाकडी करून सगळ्यांकडे पाहिलं, आकडे म्हटले, गाणं म्हटलं. मग थांबला.

"चिमे," तो हळूच म्हणाला, "टेंभरं पिकले का वं?"

पोरं वळून बुधरीकडे बघू लागली. बुधरीने लुगडं सोडलं.

"नाई," ती म्हणाली. आवाज खरखरीत होता. "आणखी हिरवेच हायेत."

पोपट तिच्याकडे वळला. मग पिकल्यावर मलाही देशील का, असं त्याने विचारलं, आणि ती देईन म्हणाली.

गुणाबाई तोंडाला पदर लावून रडली. इतक्या महिन्यांची छातीवरची धोंड उतरली होती.

कार्यक्रम संपल्यावर गुरुजी आले ते डोळे पुसतच. अँटेनावरचा कचरा डोळ्यात गेला म्हणाले. पोरं एका दमात सांगू लागली, की पोपट बुधरीशी बोलला, खरंच बोलला. गुरुजींनी नवल केलं.

पोरं पांगली तरी गुणाबाई मागे रेंगाळली. बाहेर बुधरी मैत्रिणींना काहीबाही सांगत होती, आणि दोघं ते ऐकत उभी राहिली. मग गुणाबाईने पदराची गाठ सोडली आणि हिरवा दोरा ओवलेली सुई गुरुजींच्या हातात ठेवली.

"पोपटाची मान उसवली हाये, गुरुजी," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून तुमचं बोट दिसून राह्यलं."