दहा वर्षांनंतरचा चष्मा

बस हितं, एक गोष्ट सांगतो. भ्या वाटंल, पण उठायचं नाय.

खडी क्रशरवर आरोग्यवाली मंदाताई एक चष्मा घेऊन आली. तो घातला की आपला डोळा दहा वर्षांनी काय बघंल, ते आत्ताच दिसायचं.

क्रशरवर धुळीचे गॉगल होते, पण खंडेनवमीला हळदकुंकू वाहून बायांनी ते मशीनलाच टांगलेले. पुजलेली वस्तू घालायची कशी?

"आण गं, बघू तुझी जादू," म्हणत तिथं खडी भरणाऱ्या गवराबाईनं चष्मा चढवला. समोर सून उभी होती. गवराबाईचं हसू थांबलं.

"सखू, कुठं गेलीस गं?"

"आत्या, हितंच हाय की, तुमच्या म्होरं."

गवराबाईनं हात पुढं करून सुनेचं तोंड चाचपलं. "नुसता धुरळा दिसतोय गं."

तिनं चष्मा काढून सुनेपुढं धरला. सखू मागं सरकली. "नको आत्या, मला नाय बघायचं."

गवराबाईनं मशीनवरचे दोन गॉगल काढले, कुंकू पदरानं पुसलं, अन् पहिला सुनेच्या डोळ्यांवर चढवला.

तूबी उद्या खाणीवर जाणार. तुझा गॉगल खुंटीला हाय, तेवढा काढून घाल, बाबा.