धुमाळांची बंदूक

"मॅडम, हा कागद फायलीतच राहू द्या," फौजदार हळूच म्हणाले. "आरोपी स्वतःच म्हणतोय ना, जीव वाचवायला गोळी घातली म्हणून."

सरकारी वकील मृणाल खर्डेकरांनी तपासणीचा अहवाल पुन्हा वाचला. धुमाळांच्या बंदुकीचा घोडा गंजून जाम झाला होता; गेल्या दहा वर्षांत तिच्यातून एकही बार उडालेला नव्हता. म्हणजे कुऱ्हाड घेऊन धुमाळांवर चालून आलेल्या फिर्यादीच्या पोटरीला गोळी नव्हे, पळताना कुंपणाची काटेरी तारच लागली होती. हा कागद दडवला की खुनाच्या प्रयत्नाचा खटला खिशात. बाईंचं मन क्षणभर डळमळलं. मग "मी सरकारची वकील आहे, फिर्यादीची नाही," असं पुटपुटत त्यांनी अहवाल न्यायाधीशांपुढे ठेवला आणि वाचूनही दाखवला.

आरोपीच्या वकिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पिंजऱ्यातले धुमाळ मात्र लालबुंद झाले. आजोबांपासूनची बंदूक, गावातल्या प्रत्येक वरातीत खांद्यावर मिरवलेली. आणि मागच्या बाकांवर सगळा गाव बसलेला.

"खोटं आहे साहेब," ते गरजले. "मीच घातलीय गोळी. चांगला नेम धरून."

"हे नोंदवून घेऊ नये," खर्डेकरबाईच दचकून उठल्या. "आरोपीने आधी आपल्या वकिलांशी बोलावं."

धुमाळांनी हात जोडले. "बाई, पाया पडतो. जन्मठेप द्या, पण गावासमोर एवढी बेअब्रू करू नका."