आब्रामकाका

“काका,” वेसलने चहाच्या टेबलापाशी उभं राहून हाक मारली, आणि चर्चच्या सभागृहातल्या यच्चयावत गोऱ्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. ज्याला हाक मारली होती तो आब्राम फिलांडर तेवढा खिडकीजवळच्या खुर्चीत कपात चमचा फिरवत बसून राहिला.

“मला का रे?” शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं.

“तुम्हाला नाही, काका.” वेसल कानापर्यंत लाल झाला.

हाक आपल्याला असेल हे आब्रामच्या ध्यानीमनीही नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या या खोऱ्यात काका म्हणजे गोरा म्हातारा. सावळा माणूस कितीही पिकला तरी त्याला नुसत्या नावाने बोलवायचं, आणि गोऱ्यांचं शेंबडं पोरही त्याला ‘अरे, तू’ म्हणायचं. कायदा कधीच बदलला होता, हाक बदलली नव्हती. लहानग्या वेसलला कडेवर घेऊन आब्रामने नासपतीच्या बागा दाखवल्या, तेव्हापासून वेसल त्याला ‘आब्राम’ म्हणायचा आणि तो वेसलला ‘धाकटे मालक’. धाकट्या मालकांच्या डोक्यावर आता केस उरले नव्हते.

गावातल्या रेल्वेरुळांच्या अलीकडची गोरी मंडळी आणि पलीकडची सावळी मंडळी हिवाळ्यापासून एकाच चर्चमध्ये उपासनेला बसू लागली होती. बुधवारी पाळकबाई गोऱ्यांचा वर्ग घ्यायच्या. आपल्या वागण्यात मुरलेला वर्णभेद आपणच कसा हुडकायचा, हा विषय. सुरुवातीचे बुधवार सगळे इतिहासावर भरभरून बोलले, कारण इतिहास मेलेल्यांनी केलेला असतो. मग पाळकबाई म्हणाल्या, “आता तोंडापासून सुरुवात करू. वयाने मोठा तो काका, मोठी ती मावशी. रंग बघायचा नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. वेसलने तर घरी कुत्र्यासमोर सराव केला. बायको लेनी स्वयंपाकघरातून म्हणाली, “कुत्र्याला काका म्हणून झालं असेल तर जेवायला ये.”

पण आब्राम समोर आला की तोंडून ‘आब्राम’च निघायचं. आणि आब्राम उद्या सकाळी कायमचा वूस्टरला, मुलीकडे निघाला होता. ज्याच्या कडेवर आपण वाढलो तो म्हातारा ‘अरे आब्राम’ एवढंच ऐकून जाणार, याचं वेसलला मनापासून वाईट वाटत होतं. आज राहिलं ते राहिलंच.

तो चहाचं टेबल सोडून खिडकीपाशी गेला. लेनी कुकसिस्टरचं, पाकात बुडवलेल्या तळलेल्या वेण्यांचं, ताट हातात धरून बघत होती.

“आब्रामकाका,” तो म्हणाला, “तुम्हाला काही हवंय का?”

आब्रामने मागे वळून पाहिलं. मागे खिडकी होती.

“मला म्हणताय, धाकटे मालक?”

“हो, तुम्हालाच. आणि मालक नको आता. वेसल म्हणा.”

आब्रामने कप बशीत ठेवला आणि त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

“जायच्या आदल्या दिवशी पुतण्या झालास होय,” तो म्हणाला. “बरं. चहात साखर कमी आहे, वेसल. जा, घेऊन ये.”

झालास. जा. घेऊन ये. वेसलची कानशिलं तापली. त्याने मागितलं तेच त्याला मिळालं होतं, तरी राग आला, आणि चांगलाच आला. म्हातारा शेफारला, असं मनात येऊन गेलं. मग त्या विचाराचीच त्याला लाज वाटली. हसून पाठीवर थाप मारून वेळ मारून नेता आली असती. लेनीने ताट खाली ठेवलं.

वेसलने कप उचलला. टेबलापाशी जाऊन साखरेच्या भांड्यात चमचा घातला आणि तिथेच थांबला. आब्रामने वर्षानुवर्षं बागेत त्याला कॉफी आणून दिली होती. दूध नाही, साखर एक चमचा, कधी विचारावं लागलं नाही. आब्रामला साखर किती लागते हे मात्र वेसलला ठाऊक नव्हतं.

“आब्रामकाका,” त्याने तिथूनच विचारलं, “किती चमचे?”

सगळ्या माना पुन्हा वळल्या, या वेळी खिडकीकडे.

“तीन,” आब्राम म्हणाला. “आणि ढवळून आण.”