मलम लावलेले देठ

मलम लावलेले देठही गळून पडले होते. संशोधक मुलीने झाडं वाढवायच्या दिव्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि कुंड्यांमध्ये पडलेले देठ पाहिले.

प्रयोग तसा साधा. पान छाटायचं, नुसता देठ ठेवायचा. पानातून येणारं संप्रेरक थांबलं, की झाड सांध्यापाशी देठाची साथ सोडतं. छाटलेल्या टोकाला त्याच संप्रेरकाचं मलम लावलं, तर झाडाला वाटतं पान अजून आहे, आणि देठ टिकतो. टिकायला हवा. पहिल्या खेपेला टिकलाही होता, पण एकदा जमलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? त्यानंतरची प्रत्येक खेप फसली आणि ही शेवटची होती. आज समिती झाडं बघायला येणार होती. देठ नाहीत तर पदवी नाही, आणि मुदत आता वाढणार नव्हती.

तिचे मार्गदर्शक सर आले. त्यांनी एक देठ उचलून चष्म्याजवळ धरला आणि नेहमीचं पालुपद सुरू केलं. मलम कमीजास्त झालं असेल, हात स्वच्छ नसतील, हल्लीच्या पोरांना धीर म्हणून नाही. वर्षभर तिने स्वतःलाही हेच बोल लावले होते, आणि आता तिला त्यांचा वीट आला होता.

निदान खोली तरी झाडावी म्हणून तिने फडताळाखालचं पोतं ओढलं. खताचं असेल असं समजून तिने त्याला कधी हात लावला नव्हता. आत केळ्यांचा घड होता, पिवळाधमक.

"अगं, माझाच तो," सर सहज म्हणाले. "घरी चिलटं होतात म्हणून हिची कटकट. इथे उबेला छान पिकतात."

"नेहमी इथेच ठेवता?"

"हो, वर्षभर झालं, परसातला घड उतरवला की..." सरांची नजर गळलेल्या देठांकडे गेली.

पिकणाऱ्या फळातून वायू सुटतो, तो देठाचा सांधा सोडवतो, आणि वायू फार झाला की मलमालाही जुमानत नाही. हा धडा सर जन्मभर शिकवत आले होते. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की हातातला झाडू तिने भिंतीशी फेकला. सरांनी घड आपल्या खोलीत नेऊन ठेवला. परत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. समितीपुढे आपण हवामानाचं कारण देऊ, म्हणाले. मग तुझ्यासाठी मी शब्द टाकतो. मात्र माझं नाव मध्ये आलं, तर माझ्याकडून शिफारस विसर.

समितीतल्या बाईंनी बोडकी खोडं पाहिली. सरांचं हवामानाचं सांगून झालं होतं. बाईंनी घट्ट लावलेल्या खिडक्यांकडे पाहिलं.

"बंद खोलीत कसलं हवामान?"

सर तिच्याकडे बघत होते. एवढा मोठा माणूस डोळ्यांनी विनवतोय, हे तिला बघवेना. पण वर्षभराचे ते सगळे बोल तिला आठवले.

"मला सरांनीच शिकवलंय," ती म्हणाली. "पिकल्या फळाशेजारी देठ टिकत नाही. फळ कुणाचं, ते सर सांगतील."