न मागितलेली गिटार

एमोसीने दोन्ही गिटारी चटईवर ठेवल्या. एक लाल, एक काळी. शेजारी अॅम्प्लिफायर, पायाने दाबायचं पेडल आणि नव्या तारांची पाकिटं. सात महिने हे सगळं नौसोरी शहरात त्याच्या मावशीच्या पलंगाखाली पडून होतं. आज दुपारच्या बसने त्याने ते गावात आणलं.

शेडमध्ये तिघे बसले होते. कामिनिएली सगळ्यांना प्यायला यांगोनाच्या मुळांची पूड फडक्यात बांधून लाकडी परातीतल्या पाण्यात पिळत होता. वाइसेआ मांडीवर उकुलेले घेऊन बसला होता. साकिउसा, एमोसीचा मामेभाऊ, आपली गिटार सुरात लावत होता. तिच्या पोटाला पडलेली चीर त्याने सरसाने बुजवली होती.

"दुकान टाकतोयस का?" वाइसेआ म्हणाला. "दोन गिटारी वाजवायला चार हात लागतील."

"पायाने वाजवेल," कामिनिएली म्हणाला. "ते बघ ना, पायाचंही यंत्र आणलंय."

दोघे हसले. साकिउसा हसला नाही. आतेभावाची टर उडवायची तर ती मामेभावाने, अशी गावची रीतच होती. साकिउसा एमोसीच्या चालण्यावर बोलायचा, नाकावर बोलायचा, त्याच्या बायकोच्या हातच्या मासळीवरही बोलायचा. आज तो खुंटी पिळत राहिला.

घ्या, तुमच्यासाठीच आणलंय, असं एमोसीला म्हणता आलं असतं. पण गावात वस्तू अशा पुढे करत नाहीत. ज्याला हवी तो केरेकेरे म्हणून मागतो, ज्याच्याकडे असते तो देतो. नाही म्हणायची सोय नसते. म्हणून तर एमोसीने लपवलं होतं. ऑस्ट्रेलियात तीन हंगाम संत्री तोडून घेतलेली गिटार पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी गेली असती. ईस्टरला कामिनिएलीची बायको नौसोरीला मावशीकडे उतरली आणि तिने पलंगाखालच्या पेट्या पाहिल्या. गावात कोणी भांडलं नाही. फक्त तेव्हापासून एमोसीच्या दारात मीठ मागायलाही कोणी आलं नाही.

"चला, सुरू करू," साकिउसा म्हणाला.

शनिवारच्या लग्नाचं गाणं होतं. साकिउसाने सुरुवात केली, वाइसेआने वरचा आवाज धरला. एमोसी खालचा आवाज लावणार एवढ्यात साकिउसाची तार तुटली. तुटलेलं टोक त्याच्या मनगटाला लागलं.

गाणं थांबलं. सगळ्यांची नजर चटईवरच्या पाकिटांवर गेली, आणि सगळ्यांनीच ती लगेच दुसरीकडे वळवली.

एमोसी वाट पाहत राहिला. एक शब्द बोलायचा होता साकिउसाने.

साकिउसा लाल गिटारीकडे बघत होता. नीट, वरपासून खालपर्यंत. गावात त्याच्याइतकं चांगलं कोणी वाजवत नव्हतं. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांच्या यादीत त्याचंही नाव होतं, पण डॉक्टरने छातीचा फोटो बघून ते खोडलं. त्याच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलली, एकदा, दोनदा, जशी तारांवर दाबतात तशी. मग त्याने मूठ मिटली आणि खिशातून गळाच्या दोरीचं भेंडोळं काढलं.

"तारा आहेत इथं," एमोसी म्हणाला.

"दिसल्या."

"मग माग ना."

साकिउसा दातांनी दोरी तोडत होता. "नको. खाऱ्या हवेत गंजतील. मावशीकडे बऱ्या होत्या."

वाइसेआने मान खाली घातली.

"गंजू देत," एमोसी म्हणाला. "तार नको तर गिटार माग. लाल माग. दोन्ही माग. साकिउसा, मी नाही म्हणणार नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

साकिउसाने दोरी खुंटीला गुंडाळली, ताणली, बोटाने छेडून पाहिली. तिच्यातून जेमतेम आवाज आला.

"आणलीस त्याच दिवशी ती इथं ठेवली असतीस," तो म्हणाला, "तर मी मागितलीही नसती. उचलून वाजवली असती. तू ओरडला असतास, हात धुऊन ये म्हणून. मी मुद्दाम धुतले नसते."

एमोसीने लाल गिटार दोन बोटं पुढे सरकवली. साकिउसाने पाय आखडून घेतले, चटईवर तिला जागा करून द्यावी तसे.

कामिनिएलीने यांगोना ढवळली आणि पहिली करवंटी भरली. पहिली करवंटी पाहुण्याची; पण हे चौघेच असले की पहिलीबिहिली काही नसायचं, ज्याचा हात आधी पुढे येईल त्याची. वाइसेआचा हात आलाही होता.

"थांब," साकिउसा म्हणाला. "आधी एमोसींना दे. लांबून आलेत ते."

हे ऐकून कोणीतरी हसेल म्हणून एमोसीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेडमधून त्याचं घर दिसत होतं, दोरीवर त्याचाच शर्ट वाळत होता.

वाइसेआने हात मागे घेतला. कामिनिएली गुडघ्यांवर पुढे सरकला, मान झुकवली आणि करवंटी दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली. एमोसीने एक टाळी वाजवली, करवंटी घेतली आणि रीतीप्रमाणे एका दमात संपवली.

तिघांनी तीन टाळ्या वाजवल्या. सावकाश, एका तालात, कुठेही न चुकता.