मालनच्या मागावरचा फेटा

पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारीवर हेल्मेट कोण घालणार? म्हणून इचलकरंजीच्या मालननं बुलेटवर निघालेल्या लेकीला, अबोलीला, आपल्या मागावर विणलेला फेटा बांधला. त्याचं सूत सावरीसारखं मऊ, पण मार बसला की क्षणात दगड व्हायचं आणि मार जिरवून पुन्हा मऊ.

"मालनमावशी, फेट्यानं कधी डोकं वाचतंय होय?" बुलेटवरच्या पोरी हसल्या. मालननं फेट्याची गाठ आणखी घट्ट केली. अशाच यात्रेत पडलेली तिची बहीण आजही स्वतःचं नाव विसरते.

चौकात कुत्रं आडवं आलं. अबोलीची बुलेट घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. ढोल थांबले. मालननं धावत जाऊन लेकीचा चेहरा ओंजळीत घेतला.

"पोरी, नाव सांग तुझं!"

"अबोली. आणि आई, तू अनवाणीच पळत आलीस की गं!"

मालनच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. अबोली उठली, तसे ढोल दुप्पट घुमले.

मघाशी हसलेल्या पोरी मात्र बुलेटवरून खाली उतरल्या.

"मावशी, यंदा गाड्या हातानं ढकलत नेतो," त्यांतली एक म्हणाली, "पण आमचे फेटे आजच मागावर घ्या!"