नर्सबाईंचा तास
शाळेत नर्सबाईंनी स्वतःचे स्तन कसे तपासायचे ते शिकवलं, तेव्हा सगळ्या मुली खुदखुदत होत्या. घरी येताच लेकीने शिवायला बसलेल्या आईला सगळं सांगून टाकलं.

"चावट कुठली!" म्हणत आईने मशीन थांबवलं, उठून दाराला कडी घातली. "आता दाखव बघू, बोटं कशी फिरवायची?"

फिरवता फिरवता आईची बोटं काखेजवळ थबकली. दुसऱ्याच दिवशी दोघी दवाखान्यात. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई हसल्या, "साधी गाठ आहे, निर्धास्त राहा."

बाहेर पडताच लेकीने आईला मिठीच मारली. "बरं झालं, लगेच सापडली!"

"सापडली कसली? वर्षभर ठाऊक होती मला," आई डोळे पुसत हसली. "पण सांगणार कुणाला? मला नुसती शिंक आली, तरी तुझे बाबा घर डोक्यावर घेतात!"